साखळीचं टोक

आईने चर्चच्या वेदीवरच्या पांढऱ्या कापडाचं टोक ताणून धरलं, कान आणि खांद्यामध्ये फोन दाबला आणि इस्त्री पुढे सरकवली.

"आपले घंटावाले काका. गुडघ्याचं ऑपरेशन आहे उद्या. डावा गुडघा. डॉक्टरांचा हात स्थिर राहावा, एवढंच मागायचं. आणि लगेच पुढे फोन कर हं, चहा पीत बसू नकोस."

चर्चच्या मंडळीत कुणाला काही झालं की प्रार्थनेची साखळी महिला मंडळाच्या अध्यक्षबाईंपासून, म्हणजे आईपासून सुरू व्हायची. आई एकीला फोन करी, ती दुसरीला, ती तिसरीला, आणि सगळ्यात शेवटी तारमावशींना. तारमावशींची सगळी नोकरी तार ऑफिसात गेली होती. आलेला निरोप शब्दाला शब्द परत म्हणायचा आणि वर "बरोबर?" असं विचारायचं, ही सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. म्हणूनच आईने त्यांना मुद्दाम टोकाला ठेवलं होतं. आपल्यापर्यंत काय आलं ते त्या आईला उलट फोन करून सांगत आणि वाटेत निरोपाचं काय झालं ते आईला कळे.

कापडाची घडी होते न होते तोच फोन वाजला. आईने स्पीकर लावला.

"पोचलं," तारमावशी म्हणाल्या. "घंटावाल्यांचे दोन्ही गुडघे. डॉक्टर परदेशातून येणार. बरोबर?"

"एकच गुडघा, मावशी. आणि डॉक्टर आपला कोपऱ्यावरचाच."

"मग मी एकासाठीच मागते. दुसरा राहू दे शिल्लक."

टेबलापाशी वाटाणे सोलत बसलेली लेक हसली. आईही हसली, बऱ्याच दिवसांनी.

"मुलगी आहे का गं अजून?" तारमावशींनी विचारलं. "मोठी रजा दिली म्हणायची ऑफिसने."

आईची इस्त्री हवेतच थांबली. "आहे ना. साठली होती तिची रजा."

"साठली होती. बरोबर?"

"बरोबर," आई म्हणाली आणि फोन ठेवून तिने सपाट झालेल्या घडीवरून पुन्हा इस्त्री फिरवली.

लेकीने पुढची शेंग सोलली.

"रविवारी चर्चचा वर्धापनदिन," आई म्हणाली. "जेवणाला सगळी मंडळी असणार, जुनी माणसंसुद्धा. जावई का नाही आले, विचारतील."

"सांग, कामात आहेत."

"सांगेन." आई वायर गुंडाळू लागली, इस्त्री अजून तापलेली आहे हे लक्षात आल्यावर तिने ती तशीच सोडली. "मला नीट जमत नाही गं खोटं. इतर कुणाला सांगितलं की निदान पुढे निघून जातं. तारमावशी परत म्हणून दाखवतात. माझंच मला ऐकावं लागतं."

"थोडेच दिवस, आई."

"त्यापेक्षा तुझ्यासाठी प्रार्थना साखळीत घालू का? नाव न घेता?"

"नको. मी काय काकांचा गुडघा आहे, घरोघर फिरवायला?"

या वेळी आई हसली नाही. "बरं," एवढंच म्हणाली आणि कापड जपून दोन्ही हातांवर घेऊन आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चर्चमागच्या हॉलमध्ये रविवारच्या जेवणाची टेबलं मांडता मांडता आई खाली बसली आणि तिथेच कलंडली. ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंनी धावत जाऊन पाळकसाहेबांना बोलावलं. साखळी कुणी सुरू करायची हे आधी कुणाला सुचेना. जी सुरू करायची तीच जमिनीवर पडली होती. अखेर पाळकसाहेबांनीच पहिला फोन केला. त्या दिवशी साखळी सावकाश चालली. जी ती फोनवर रडत बसली.

दुपारी हॉस्पिटलात डॉक्टर बाहेर आले, आई गेल्याचं हलक्या आवाजात सांगितलं आणि परत आत गेले. पाळकसाहेब कागदपत्रांसाठी समोरच्या खिडकीपाशी उभे राहिले. लेक आईची पर्स मांडीवर घेऊन बाकावर बसली. पर्समध्ये फोन वाजू लागला.

"पोचलं," तारमावशी म्हणाल्या. "महिला मंडळाच्या अध्यक्षबाई हॉलमध्ये पडल्या. हॉस्पिटलात नेलंय. शुद्ध यावी म्हणून..." त्या थांबल्या. "मी कुणाला लावला फोन?"

"आईलाच, मावशी."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"सवयीने लावला गं. शुद्ध आली?"

फरशी पुसणाऱ्या बाईने बादली तिच्या पायांपाशी आणली. तिने पाय वर घेतले.

"आई गेली, मावशी. आत्ताच."

 मग तारमावशींचा आवाज आला, ऑफिसातल्यासारखा, एकेक शब्द सुटा.

"आई गेली. आत्ताच. बरोबर?"

"बरोबर."

"बाकीच्या अजून शुद्ध मागत बसल्यात. मी उलट्या टोकाकडून सुरू करते." त्या खोकल्या, पुन्हा खोकल्या. "आणि तुझ्यासाठी काय मागू, बाळा? जावई निघाले ना? रजा वाढवून मिळेल ना? तुझी आई म्हणत होती..."

'मिळेल' हा शब्द तिच्या तोंडात तयार होता. तिने पर्स बंद केली. 

"मी रजेवर नाहीये, मावशी. मी नवऱ्याचं घर सोडून आलेय. परत जाणार नाही."

खिडकीपाशी पाळकसाहेबांनी मागे वळून पाहिलं. तिने आवाज खाली आणला नाही.

"आई तुम्हाला दर वेळी रजा म्हणून सांगायची ना, ते खोटं माझं होतं. तिचं नव्हतं. हेही सांगा सगळ्यांना."