खाली घेतलेली गाडी

आई धुरपदाबाईंचे गुडघे वाकत नव्हते, म्हणून बब्रुवाननं घरच्या लांबड्या मोटारगाडीच्या मागच्या स्प्रिंगांतले पोलादी पाटे काढून ती खाली घेतली. काढलेल्या पाट्यांच्या लोहारानं कुदळी केल्या. धुरपदाबाई सहज चढून बसल्या, गाडी तुळजापूरला निघाली. पण दुष्काळी कामाच्या रस्त्यावर खडी अजून दबली नव्हती. दर खड्ड्याला गाडीचं बूड आपटे अन् म्हातारीच्या मणक्यात कळ जाई.

"गाडीत बसवलंस का जात्यात घातलंस रं?"

तामलवाडीला त्या उतरल्याच. "यष्टीनं जाते."

"आई, तिची पायरी लई उंच हाय."

"चढताना एकदाच दुखंल."

यष्टीतल्या दोन बायांनी दंडाला धरून त्यांना वर ओढलं. त्या कळवळल्या. बब्रुवान यष्टीमागं रिकामी गाडी हाकत राहिला.