ढोलापुढची जागा

त्या दिवशी आबा अंगणात बसून मेंढीच्या खुरातला काटा काढत होते. कॉलेजात शिकवण्यासाठी आणलेलं पुस्तक मी शेजारी वाचत होते. त्यातल्या काळ्या लाकडी मुखवट्याकडं आबांचं लक्ष गेलं.

"हे कोन?"

"आफ्रिकेतला मुखवटा हाय, आबा. पोरी वयात आल्या की हा घालून नाचत्यात."

"गडी नाचत्यात?"

"न्हाई. बायका. तिथं हा मान बायकांचाच."

"तुझ्या आईला मुखवटा लागायचा न्हाई. तशीच भेव दावती."

"ऐकायले मी!" आई आतून ओरडली.

आबा हसले. मला काही बोलायचं होतं. तेवढ्यात मेंढी सुटली आणि ते तिच्यामागं गेले.

बिरोबाच्या देवळात ओवीला पहिला आवाज आबांचा. ते ओळ टाकत, ढोलवाले ती धरून पुढं नेत. मला भाऊ नाही. "माझ्यामागं गाणं संपलं," असं ते पाहुण्यांना सांगत, तेव्हा चहा घेऊन मीच समोर उभी असे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा उठलेच नाहीत.

आमच्या गावात म्हातारं माणूस गेलं की दहाव्याला त्याच्या नावानं ओवी होते. वाडवडिलांची नावं घेत गेलेल्याला त्यांच्या रांगेत बसवतात. आबांच्या दहाव्याला त्यांच्या साथीचे दत्तराव आणि परमेश्वर ढोल घेऊन बसले होते. पुढची जागा रिकामी. दुसरे गाणारे मेंढरं घेऊन लांब गेलेले, फोन लागेना.

"असंच पाठवायचं का त्यायला?" आई म्हणाली.

दत्तराव माझ्याकडं वळले. "शीला, लहानपणापासून ऐकलंस. तू टाक ओळ. आमी धरतो."

"बाईनं?"

"कोन न्हाई म्हनायलंय?" परमेश्वर म्हणाला. "तुझ्या बापानं तरी कधी म्हनलं व्हतं?"

मी पुढं बसले. शब्द पाठ होते. या ओव्यांवर मी लेख लिहिले आहेत. पण सूर कुठं उचलायचा, श्वास कुठं सोडायचा, हे ठाऊक नव्हतं. ते गाणाऱ्याच्या समोर बसून घ्यावं लागतं. पहिली ओळ निघाली ती वर्गात वाचून दाखवल्यासारखी. ढोल तिला धरेना. मी पुन्हा म्हटली. दत्तरावांनी हळूच हात ढोलावरून खाली घेतला. सगळे जमिनीकडं बघत होते, आई तेवढी माझ्याकडं.

"आबा," त्या दिवशी बोलायचं राहिलेलं मी मोठ्यानं म्हणाले, "मला शिकवा."