इंजिनाचे पहिले दहा तास

गेल्या जुलैत नदीचं पाणी सिंहगड रोडच्या सोसायट्यांत शिरलं, तेव्हा आम्रपाली चालवत असलेल्या बोटीचं इंजिन ऐन प्रवाहात बंद पडलं. बोटीत चार माणसं होती. बोट गरगरत जाऊन एका बंगल्याच्या फाटकावर आदळली. आम्रपालीनं फाटकाच्या गजांना दोर गुंडाळला आणि दुसरी बोट येईपर्यंत पाऊण तास तो हातात धरून बसली. सगळे सुखरूप घरी गेले. पण सोलवटलेले तळहात भरून आल्यावरही तिला तो दोर हाताशी जाणवायचा.

बोट एका स्वयंसेवी बचाव पथकाची होती. पथकाचा प्रमुख सुदर्शन, आयटीतला, हौशी आणि मनाचा चांगला. आम्रपालीचं धायरीत दुचाक्या आणि पाण्याचे पंप दुरुस्त करायचं गॅरेज होतं. वडील भीमराव कारखान्यात फिटर होते. पाना कसा धरायचा ते तिला त्यांनीच शिकवलं. पथकाच्या इंजिनाची देखभाल ओघानंच तिच्याकडे आली होती.

तिनं इंजिन उघडलं. पिस्टनवर उभे ओरखडे, रिंगा चिकटलेल्या. कारण तिला ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी नव्या रिंगा टाकल्यावर पहिल्याच दिवशी सुदर्शननं व्हिडिओसाठी बोट सुसाट पळवली होती. नवं काम आधी मुरू द्यायचं असतं, हे तिला तेव्हाही कळत होतं. पण ती पथकात नवीन होती. गप्प बसली.

या खेपेला सिलिंडर नव्यानं घासून घेतलं, पिस्टन, रिंगा, बेअरिंगं सगळं नवं टाकलं आणि तिनं सुदर्शनला सांगितलं, "दहा तास मुरवायचंय. धरणाच्या बॅकवॉटरला. त्याआधी बोट कुठं जाणार नाही."

"अगं, स्टार्ट तर एका झटक्यात झालं. स्मूथ चालतंय की!"

"चालतंय. टिकायला पाहिजे."

बॅकवॉटरला बोट चालवायच्या परवानगीचा कागद मिळाला त्याच दिवशी तिला एक फोन आला. "मी शालन बोलतेय. मागच्या वर्षी तुमच्या बोटीत होते. फाटकावर आदळलेली." शालनताई अडुसष्ट वर्षांच्या, निवृत्त मुख्याध्यापिका. "इंजिन पुन्हा बांधलंय म्हणे. मी येणार आहे बसायला."

"ताई, नुसतं हळूहळू फिरायचंय. कंटाळाल."

"पस्तीस वर्षं परीक्षेच्या वर्गात पहारा दिलाय मी. कंटाळ्याचं मला सांगू नकोस."

शनिवारी सकाळी शालनताई लाइफ जॅकेट घालून, घड्याळ हातात धरून बोटीत बसल्या. आम्रपालीनं पेट्रोलमध्ये नेहमीच्या दुप्पट ऑइल मिसळलं होतं. इंजिन सुरू झालं, निळसर धूर पाण्यावर पसरला. पहिला तास अगदी मंद. दुसऱ्या तासात थोडं वाढवायचं, पुन्हा उतरवायचं.

"एवढे लाड कशाला?" शालनताईंनी विचारलं.

"नव्या रिंगा आणि नवं सिलिंडर एकमेकांत घासून बसायला वेळ लागतो. घाई केली की ओरखडे पडतात. मग ते आतून बिघडत जातं, वर दिसत नाही."

शालनताईंनी मान डोलावली. थोड्या वेळानं त्या पाण्याकडे बघत म्हणाल्या, "त्या दिवशी मी किंचाळले नाही, म्हणून सगळे माझं कौतुक करतात. घशातून आवाजच फुटला नव्हता."

आम्रपाली म्हणाली, "माझाही."

पाचव्या तासाला तिचं लक्ष इंजिनाच्या बाजूला गेलं. तिथल्या भोकातून थंडाव्याच्या पाण्याची धार सतत पडायला हवी. ती धार करंगळीएवढी होती, आता सुतासारखी झाली होती. तिनं ताबडतोब इंजिन बंद केलं आणि वल्ही मारत बोट काठाला आणली. भोकात तार घालून पाहिली. कचरा नव्हता. मग इंजिनाचा खालचा भाग सोडवून ते पाणी वर ढकलणारा पंप उघडला. आतल्या रबरी चक्राची दोन पाती तुटली होती.

ती काठावरच्या दगडावर बसून राहिली.

"कुणाची चूक?" शालनताईंनी विचारलं.

"माझी. बाकी सगळं नवं टाकलं. हे चक्र चांगलं दिसलं म्हणून जुनंच ठेवलं."

"मग आता?"

"नवं टाकायचं. आणि तास पहिल्यापासून मोजायचे."

"पाच तास झालेत की! ते धरायचे नाहीत?"

"इंजिन किती तापलं ते मला माहीत नाही. आत काही बिघडलंय का ते मंद चालवूनच कळेल, म्हणून पहिल्यापासून."

शालनताईंनी घड्याळ पिशवीत टाकलं. "बरं. उद्या उशी घेऊन येते. तुझ्या बोटीची फळी फार शिस्तप्रिय आहे."

संध्याकाळी ती पंप जुळवत असताना सुदर्शन गॅरेजात आला. रविवारी अकराला नदीकाठी प्रात्यक्षिक ठरलं होतं. पाहुणे, वस्तीतली माणसं, सगळ्यांना निरोप गेले होते.

"उद्या नाही जमणार," आम्रपाली म्हणाली.

"अगं, फक्त दहा मिनिटं! सहा जणांना बसवून एक फुल स्पीड राउंड. तुला नको असेल तर मी चालवतो."

तिनं ते तुटकं चक्र त्याच्या हातावर ठेवलं. "हे आज तुटलं. फुल स्पीडला तुटलं असतं तर इंजिन तापून बंद पडलं असतं, सहा जण पाण्यात अडकले असते. मागच्या वेळी तुम्ही बोट पळवलीत तेव्हा मी बोलले नाही. या वेळी बोलतेय. तुम्हाला न्यायची तर न्या. पण मग पूर आला की त्या बोटीत मी बसणार नाही, कुणाला बसू देणार नाही."

सुदर्शनचा चेहरा उतरला. त्यानं ते चक्र बोटांनी फिरवून पाहिलं. "लोकांना काय सांगू?"

"वल्ही कशी मारायची ते शिकवा. इंजिन बंद पडलं तर तेच लागतं."

तो चक्र खिशात टाकून निघून गेला. रात्रभर तिला वाटत राहिलं, आपण जास्तच बोललो. पण सकाळी इंजिन गॅरेजातच होतं. नदीकाठी सुदर्शननं दुसरी बोट मागून आणून खरंच वल्ह्यांचं प्रात्यक्षिक केलं आणि तासाभरात भिजून चिंब झाला, असं नंतर कळलं.

पुढचे तीन दिवस आम्रपाली गॅरेज दुपारी उघडू लागली. गिऱ्हाइकं कुरकुरली. वारा उलटा होता, बोट लाटांवर आपटायची, मनगटं भरून यायची. वेग दर काही मिनिटांनी बदलायचा, म्हणून हात सोडायची सोय नव्हती. शालनताई उशीवर बसून वेळ सांगायच्या: "वाढव. आता उतरव." पाण्याची धार जाड आणि सरळ पडत होती.

चौथ्या दिवशी सुदर्शन ऑफिसला रजा टाकून आला आणि पुढच्या फळीवर बसला. शेवटचा तास सुरू झाला होता.

"मिनिटभर पूर्ण वेगानं पळवायचंय," आम्रपाली म्हणाली. "तुम्ही घ्या."

"मी? नक्की?"

"मी धारेकडे बघते. हात केला की उतरवायचं."

बोटीचं नाक उचललं गेलं, पाणी दोन्ही बाजूंना फाटत गेलं. शालनताईंनी एका हातानं काठ गच्च धरला, दुसऱ्या हातात घड्याळ. आवाज एकसारखा होता, कुठंही खरखर नाही. साठ सेकंद झाले आणि आम्रपालीनं हात वर केला. सुदर्शननं लगेच वेग उतरवला. "पास," शालनताई म्हणाल्या, आणि मग पहिल्यांदाच मोकळं हसल्या.

जुलैच्या शेवटी धरणातून पाणी सोडल्याचा भोंगा वाजला. पहाटे पाचला बोट गल्लीत उतरली. दुपारपर्यंत आम्रपालीनं अकरा खेपा केल्या. म्हातारी माणसं, बाळंतीण, एका घरातलं मांजरसुद्धा. प्रत्येक खेपेला तिची नजर आधी धारेवर जायची, मग माणसांवर.

बाराव्या खेपेला निघताना दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून हाक आली. शालनताई शेजाऱ्यांकडे वर जाऊन राहिल्या होत्या. "मी इथं ठीक आहे! मागच्या गल्लीत ते आजोबा एकटेच आहेत, पलंगावरून उठता येत नाही त्यांना!"

मागच्या गल्लीत प्रवाह सर्वांत जोराचा होता. पुढच्या फळीवरून सुदर्शननं वळून विचारलं, "जायचं?"

"दोर हातात ठेवा," आम्रपाली म्हणाली आणि तिनं बोट वळवून पाण्याच्या ओढीसमोर घातली. क्षणभर बोट जागीच थरथरली. तिनं वेग वाढवला, अजून वाढवला, आणि बोट प्रवाह कापत पुढं सरकू लागली.