कालव्यावरचं फिरणं

आमच्या वस्तीमागे एक कालवा आहे. त्यातलं पाणी कधीच आटलं, पण काठची वाट लोकांनी श्रमदानाने सपाट केली आणि तेव्हापासून निम्मी वस्ती त्या वाटेवर पडीक असते. चालणारे, पळणारे, सायकलवाले, कुत्री फिरवणारे. तोंडाशीच पाटी आहे : डावीकडून चाला, सायकलवाल्यांनी मागून घंटी वाजवावी, वाट सगळ्यांची आहे. पाटी वाचून कुणी शहाणं झाल्याचं मी पाहिलेलं नाही, पण भांडणंही फारशी होत नाहीत.

आई-बाबा रोज संध्याकाळी तिथे बरोबर फिरायला जात. बरोबर म्हणायचं ते आपलं उगीच. आई भरभर चालायची, आणि जन्मभर कारखान्यात लेथपाशी उभं राहून गुडघे गेलेले बाबा मागून रेंगाळत यायचे. समोरून येणाऱ्या प्रत्येकाला ते विचारायचे, "आमची मंडळी दिसली का हो पुढे?" लोक हसून सांगायचे, "आत्ताच गेल्या. उचला पाय!" वाटेच्या टोकाला आई थांबलेली असायची. "आलात? मला वाटलं, मुक्कामच करताय," असं म्हणायची, आणि मग दोघं परत फिरायची.

मागच्या वर्षी आई गेली. बाबा तेव्हा ओक्साबोक्शी रडले, भेटायला आलेल्यांशी नीट बोलले, आणि मग हळूहळू सगळं त्यांच्या डोक्यातून निसटत गेलं. आधी चष्मा कुठे ठेवला ते, मग गॅस बंद करायचं, मग आई नाही हेच. संध्याकाळ झाली की बूट चढवून निघत. मला बरंच वाटायचं. चष्म्याच्या दुकानात दिवसभर गिऱ्हाइकांना "आता दिसतंय का?" विचारून मी विटून आलेली असे. घरात तेवढाच निवांतपणा. वाट पायाखालची, माणसं ओळखीची, मग काळजी कसली!

एका संध्याकाळी अंधार पडला तरी ते आले नाहीत. शेवटी रोज तिथे सायकल चालवायला येणारा पोस्टमन त्यांना हाताला धरून घेऊन आला. वाट संपते त्याच्याही पुढे, ट्रकच्या रस्त्याच्या कडेकडेने ते चालले होते. बूट काढले तर दोन्ही टाचा सोलवटलेल्या.

"इतक्या लांब कशाला गेलात, बाबा?" मी ओरडलेच.

"तुझी आई पुढे होती ना. सगळे सांगत होते," बाबा म्हणाले. "आज काही केल्या सापडेचना."

मी पोस्टमनकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी दुकानातून लवकर निघून मी वाटेवर उभी राहिले आणि एकेकाला धरलं. राग नाकाच्या शेंड्यावर होताच. "माझी आई वारलीय आणि तुम्ही खुशाल ती पुढे गेली म्हणून सांगता?" कुत्रेवाले काका चपापले. आई गेल्याचं त्यांना ठाऊकच नव्हतं. रोज दिसणाऱ्या माणसाबद्दलही आपल्याला किती कमी माहीत असतं! पळायला येणारी नर्स मात्र माझ्याइतकीच फटकळ निघाली.

"मी एकदा खरं सांगितलं होतं," ती म्हणाली. "ते मट्कन खाली बसले. परत सांगायचा धीर झाला नाही मला. आता तुम्हीच सांगा, काय म्हणायचं त्यांना?"

"घरी गेल्या म्हणा," मी म्हणाले. "म्हणजे निदान परत तरी फिरतील."

सगळ्यांना पटलं. मला माझीच पाठ थोपटावीशी वाटली.

त्या संध्याकाळी बाबा उजेडातच परतले, तेही लगबगीने. "आज चांगलंच फसवलं हिने मला. आधीच घरी आली म्हणे!" असं म्हणत त्यांनी स्वयंपाकघरात डोकावलं, न्हाणीघराचं दार वाजवलं, गॅलरीत जाऊन आले आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"कुठंय गं ती?"

हा प्रश्न आता घरी येणार, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. वाटेवर तो सगळ्यांनी मिळून वाटून घेतला होता. घरात मी एकटी. बाहेर गेलीय म्हणाले असते, तर ते तसेच उलट पावली निघाले असते. मी त्यांचा हात धरला आणि खरं सांगितलं. ते पलंगावर बसले आणि ती गेली त्या दिवशी रडले होते तसेच रडले. जेवले नाहीत. सकाळी उठले तेव्हा सगळं पुसलेलं. संध्याकाळी परत तेच, आणि परत मी सांगितलं. काय करणार होते मी? ट्रकखाली जाऊ द्यायचं होतं त्यांना? मला माझे बाबा हवे होते, धडधाकट हवे होते.

असे बरेच दिवस गेले. मी सांगितलेलं त्यांना सकाळी आठवत नसे, पण काहीतरी वाईट झालंय एवढं मात्र आत कुठेतरी साचत गेलं. ते खोल्या धुंडाळेनासे झाले. मग वाटेवर कुणाला विचारेनासे झाले. नर्स एकदा मुद्दाम दुकानात आली. "काल शेजारून गेले, पण बोललेच नाहीत," ती म्हणाली. "मी थांबले होते हो त्यांच्यासाठी."

आता बाबा खिडकीपाशी खुर्चीत बसून असतात. कुठे जात नाहीत, हरवत नाहीत. टाचाही बऱ्या झाल्या. मला हवं होतं ते सगळं मिळालं आणि मला घरात बसवत नाही.

काल मी त्यांचे बूट आणून पायाशी ठेवले आणि तिथेच खाली बसले. "चला बाबा, छान हवा सुटलीय. मी येते बरोबर."

ते हलले नाहीत. मी आर्जवं केली, चिडले, परत आर्जवं केली. मग ज्यासाठी अख्ख्या वाटेशी भांडले होते, तेच माझ्या तोंडून निघालं.

"आई पुढे गेलीय, बाबा. वाट बघत असेल."

बाबांनी खाली वाकून माझ्या डोक्यावर हात ठेवला. "नाही गं बाळा," ते अगदी हळू, मला जपत म्हणाले, "ती गेली. तुला कुणी सांगितलं नाही का?"