पुडीतली पिवळी माती

"साहेब, आली बघा तुमची जमीन पोस्टानं!" अर्दलीनं खंदकाच्या तोंडातूनच आरोळी ठोकली.

कॅप्टननं नकाशा बाजूला सारला. दर महिन्याला घरून पत्र यायचं आणि पत्रात मातीची पुडी. माती धाकटा भाऊ भरायचा. वडिलांचे डोळे अधू, म्हणून ते सांगतील तसं पत्र कॅप्टनची बायको लिहायची. आणि हा बहाद्दर आघाडीवर बसून माती चिमटीत चोळायचा, हुंगायचा आणि कळवायचा, की खालच्या तुकड्याला खत द्या, वरचा यंदा पडीक ठेवा. तुकडीतले जवान हसायचे. हसेनात का! डोक्यावर तोफा गडगडत असताना तेवढ्या चिमटीपुरता तरी तो आपल्या बांधावर असायचा.

वडील मात्र एक सल्ला मानतील तर शपथ. "गाढवा, तू लढाई बघ, शेत मी बघतो," हे प्रत्येक पत्रात ठरलेलं. त्याआधीचं त्यांचं खाकरणंसुद्धा कागदातून ऐकू यायचं.

आज पत्र वाचून कॅप्टन हसला. "म्हातारा सुधारला रे! 'बाबा म्हणतात, तू म्हणशील तसं करू.' सलग तिसरं पत्र असं."

"वय झालं, साहेब. निवळतात माणसं."

"आमचा? छे! तो सरणारा नाही आणि निवळणाराही नाही."

हसत हसतच त्यानं पुडीतली निम्मी माती तळहातावर घेतली. ती पिवळी होती.

शेत तर काळंभोर. खंदकाच्या भिंतीची माती सांडली असेल, म्हणून त्यानं हात पुसले आणि उरलेली पुडी कोऱ्या कागदावर ओतली. तीही पिवळी. थंड, चिकट.

ही माती त्याच्या ओळखीची होती. वडिलांबरोबर विहीर खणली तेव्हा ती पुरुषभर खोलीवर लागली होती, त्याच्या वर कुठंच नाही. मग आता कुणी खणलं एवढं? आणि कशासाठी? दुसरी विहीर काढायची असती तर बाबांनी चार पानं शिव्या घातल्या असत्या.

त्यानं पत्र पुन्हा उघडलं. 'तू म्हणशील तसं करू.'

बाबा गेले होते. घरच्या रीतीप्रमाणे बांधाजवळ त्यांना पुरलं असणार, आणि आळशी भावानं शेतात जायचा कंटाळा करून शेजारच्याच ढिगातली मूठ भरली असणार. पस्तीस माणसं याच्या शब्दावर उभी, रजा मिळायची नाही, याचं चित्त ढळू नये, म्हणून घरच्यांनी लपवलं. तीन महिने तो मेलेल्या माणसाशी हुज्जत घालत होता, आणि मेलेला माणूस गोड बोलत होता.

त्यानं खंदकाच्या भिंतीला हात लावला. तीच पिवळी माती, तसाच गारवा. म्हणजे तोही रोज तेवढ्याच खोल निजत होता. त्यानं भिंतीला कान टेकला. कशासाठी, ते त्यालाही सांगता आलं नसतं. आत, अगदी जवळ, कुणीतरी खाकरलं.

तो श्वास रोखून बसला. पुढची शिवी आली असती तर बरं झालं असतं. पण आली नाही.

"साहेब, बरं वाटत नाही का?" अर्दली म्हणाला.

"कागद दे."

त्यानं लिहिलं, "तीर्थरूप बाबांस, माती पोचली. बांधाजवळची ती जागा नांगरू देऊ नका. तुम्ही माझं ऐकणार नाही, ठाऊक आहे. तरी सांगतो."

महिन्यानं उत्तर आलं. त्यात 'बाबा म्हणतात' कुठंच नव्हतं. बायकोच्या अक्षरात दोनच शब्द होते, "नाही नांगरत." खाली पाण्याचा थेंब पडून शाई फुटली होती.

पुडीत या वेळी काळी माती होती, बारीक मुळ्यांनी गच्च धरलेली. त्यानं ती चोळली नाही, हुंगलीही नाही. नुसती मुठीत धरून बसला.

"काय म्हणते जमीन, साहेब?" अर्दलीनं नेहमीसारखं विचारलं.

"गवत आलंय," तो म्हणाला.