माझ्या नावावरची बाटली

मुलांच्या सरकारी खात्यातली मिस कॉफ्लिन माझ्या स्वयंपाकघरात बसली होती. तिच्यापुढे मी पीच पायचा मोठा तुकडा ठेवला होता, पण तिने त्याला हात लावला नव्हता. तेव्हाच मी ओळखायला हवं होतं की बाई चांगली बातमी घेऊन आलेली नाही.

"मिसेस मेब्री," ती म्हणाली, "तुमच्या नावावर मारहाणीचा गुन्हा आहे. शिक्षासुद्धा झालेली आहे. अशा घरात आम्हाला जनायाला ठेवता येणार नाही."

मी हसले. या वयातही मी माशी मारायच्या आधी तिला दार उघडून बघते, जाते का म्हणून.

"कुणाला मारलं मी?"

"लुव्हीनिया सॅप नावाच्या बाईला. नदीपलीकडच्या दारूच्या गुत्त्यात. बिअरची बाटली तिच्या तोंडावर फोडलीत. तुम्ही कोर्टात कबूल झालात आणि महिनाभर तुरुंगात होतात. वर्डेल टगल हे तुमचंच माहेरचं नाव ना? जन्मतारीखही तुमचीच आहे."

मग तिने साल सांगितलं, आणि माझं हसू विरलं. त्या वर्षी मी डेट्रॉइटमध्ये मोटारींच्या सीटा शिवत होते. नाताळालासुद्धा घरी आले नव्हते. माझी जन्मतारीख पाठ असणारी, बाटल्या फोडणारी आणि डोळ्याला डोळा भिडवून खोटं बोलणारी आमच्या घरात एकच होती. माझी धाकटी बहीण, ओझेला.

जनाया ही ओझेलाच्या नातीची मुलगी, म्हणजे तिची पणती. वय चार. तिची आई नशेच्या गोळ्यांच्या नादाने गेली आणि बापाचा पत्ता कुणालाच नाही. ओझेला नाकात ऑक्सिजनची नळी घालून बसलेली, तिच्याने पोर सांभाळवणार नाही. राहिले मी. सध्या पोरगी कोलंबस शहरात एका जोडप्याकडे होती. पुढच्या महिन्यात कोर्टाची तारीख होती, आणि तोवर घरचं कुणी पुढे आलं नाही तर ती कायमची त्यांची होणार होती. माणसं वाईट नसतील. पण जनाया म्हणायला जड जातं म्हणून त्यांनी तिला आत्ताच जेना म्हणायला सुरुवात केली होती.

मिस कॉफ्लिन गेली. पायचा तुकडा तसाच राहिला. तो मी झाकून ठेवत असताना मला शाळेच्या स्वयंपाकघरातली ती नोकरी आठवली. माझा नवरा वारला त्या वर्षी मी अर्ज केला होता. तिथल्या बाईंनी सोमवारी ये म्हणून सांगितलं आणि शनिवारी फोन करून म्हणाल्या की जागा भरली. पुढे वर्षभर ती जागा रिकामीच होती. तेव्हा मला वाटलं होतं, माझा चेहरा आवडला नसेल.

मी कोट घातला आणि ओझेलाकडे गेले.

ती म्हाताऱ्या माणसांच्या सरकारी इमारतीत राहते. टीव्हीवर बक्षिसांचा खेळ चालू होता. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही.

"दार लाव. उष्णता बाहेर जातेय."

"लुव्हीनिया सॅप कोण?" मी विचारलं.

तिने टीव्हीचा आवाज कमी केला. ओझेला कुणासाठी आवाज कमी करत नाही. मला उत्तर मिळालं.

"मेली असेल केव्हाच," ती म्हणाली.

"माझं नाव दिलंस तू."

"घेतलं. तू काही ते वापरत नव्हतीस. डेट्रॉइटला सुया खुपसत बसली होतीस."

"ओझेला!"

"ओरडू नकोस, मला धाप लागते. माझ्या नावावर आधीच दोन भानगडी होत्या. तुझं नाव कसं, धुतल्या चादरीसारखं. मला वाटलं जज्ज बघेल आणि सोडून देईल. नाही सोडलं. त्यात माझा काय दोष?"

"आता चल कोर्टात, आणि शपथेवर खरं सांग."

"सांगते हां! आणि मारहाण नावावर आली की या इमारतीतून मला हाकलतील, मग नळीसकट तुझ्या अंगणात येऊन बसते." तिने पांघरूण गुडघ्यांवर ओढलं. "अगं, त्यात अवघड काय आहे? वाचनालयात वकीलबाई बसतात. जुने गुन्हे फुकटात पुसून देतात. आमच्या मजल्यावरच्या दोघांनी पुसून घेतले. तू नुसतं म्हणायचं, हो, चुकले, पश्चात्ताप झाला. तुला तर सवय आहे. लहानपणी मी कप फोडायचे आणि माफी तू मागायचीस."

"तुझी पणती आहे ती. माझी नव्हे."

"म्हणून तर म्हणतेय, लवकर कर."

जाताना मी तिचं दार उघडं टाकलं. जाऊ दे उष्णता.

चार दिवस मी धुमसत होते. पाचव्या दिवशी वाचनालयात गेले. वकीलबाई मिस हार्ग्रोव्ह, पोरसवदा, पण बोलणं नीट. तिने समजावून सांगितलं की इतका जुना गुन्हा असेल, त्यानंतर काही घडलं नसेल आणि जज्जची खात्री पटली की माणूस सुधारलाय, तर नोंद पुसली जाते.

"आणि एखादा म्हणाला की तो मी नव्हतोच, तर?"

"तर ते वेगळं प्रकरण. जुने ठसे शोधायचे, साक्षीदार शोधायचे. वर्ष जाईल, कदाचित दोन." तिने पेन खाली ठेवलं. "मिसेस मेब्री, मला माहीत असावं असं काही आहे का?"

पोरगी महिन्याभरात जेना होणार होती.

"नाही," मी म्हणाले.

"ठीक. तुमच्या बाजूने बोलणारं घरचं कुणी असेल तर आणा. मार खाल्लेल्या बाईलाही कोर्टाची नोटीस जाईल, तसा नियम आहे. पण इतक्या वर्षांनी सहसा कुणी येत नाही."

माझ्या बाजूने बोलायला घरचं म्हणजे एकच माणूस उरलं होतं. ओझेलाला सांगितलं तर ती आनंदाने तयार झाली.

नोंद पुसण्याच्या सुनावणीच्या दिवशी तिने चर्चची पांढरी टोपी घातली होती. ऑक्सिजनची टाकी छोट्या चाकांच्या गाड्यावर ओढत ती अशी आली की जणू तिचाच सत्कार आहे. जज्ज स्टॅनफिल म्हातारा होता. घसा खाकरल्याशिवाय त्याला वाक्य सुरू करता येत नव्हतं.

मी हात वर करून शपथ घेतली.

"त्या बाईला तुम्हीच मारलंत?"

"हो."

"आज काय वाटतं?"

"वाईट वाटतं. पश्चात्ताप होतो."

मग ओझेला उभी राहिली. छातीवर हात ठेवून म्हणाली, "जज्जसाहेब, माझी बहीण तरुणपणी फार तापट होती हो. आम्ही सगळे तिला भिऊन असायचो. मी किती समजावलं! पण शेवटी देवाने तिला वळण लावलं. आता ती कोकरासारखी आहे."

त्या क्षणी माझ्या हाताशी बाटली असती तर त्या गुन्ह्याची नोंद मी आनंदाने माझ्या नावावर राहू दिली असती.

जज्ज खाकरला. "मार खाल्लेल्या बाईंना नोटीस गेली होती. त्यांच्याकडून कुणी आलंय?"

"मीच आलेय," मागून आवाज आला.

जांभळी टोपी घातलेली एक बाई काठी टेकत पुढे येत होती. भुवईपासून जबड्यापर्यंत जुना पांढरा व्रण. ती माझ्यासमोर उभी राहिली, पर्समधून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला आणि मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. डोक्यापर्यंत पोचायला तिला मान वर करावी लागली.

"ही कोण?" तिने विचारलं.

"वर्डेल मेब्री. पूर्वीची टगल," जज्ज म्हणाला.

"असेल. पण मी हिला जन्मात पाहिलेलं नाही."

मिस हार्ग्रोव्हने माझ्याकडे वळून पाहिलं. मी टेबलाकडे पाहत राहिले.

"बरीच वर्षं झाली, मिसेस सॅप," जज्ज म्हणाला. "माणसं बदलतात."

"म्हातारपणी माणूस उंच होतो का, जज्जसाहेब? मला मारणारी बुटकी होती. माझ्या खांद्यालासुद्धा लागत नव्हती, बाटली मारायला खुर्चीवर चढली होती. आणि दातांत एवढी फट." असं म्हणत तिने मान वळवली आणि थांबली. "ती बघा. नळी लावून बसलीय. ती."

"या बाईच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहेत," ओझेला ओठ न उघडता बोलायचा प्रयत्न करत म्हणाली.

"होते. गेल्या वर्षी काढले. आता तू अगदी स्वच्छ दिसतेस, माझं दुर्दैव." लुव्हीनिया दोन पावलं पुढे गेली. "काय गं, क्लीओटसची आठवण येते का? माझ्याजवळ तो तुझ्या मक्याच्या कॉर्नब्रेडबद्दल बोलायचा. म्हणायचा, एक तुकडा दाराखाली सरकवला की वादळात दार हलत नाही."

"मिसेस सॅप—" जज्जने सुरुवात केली, पण तो खाकरेपर्यंत उशीर झाला होता.

ओझेला ताडकन उठली. टाकीचा गाडा बाकावर आदळला. "माझ्या कॉर्नब्रेडला नावं ठेवतेस? माझ्या माणसाच्या मांडीवर बसून त्याच्याच ताटातलं गिळत होतीस तू! बाटली रिकामी होती म्हणून वाचलीस. भरलेली असती तर आज ती भिकार टोपी घालायला डोकं राहिलं नसतं!"

बोलणं टिपून घेणाऱ्या मुलीची बोटं भराभर चालली आणि थांबली.

"मिस टगल," जज्ज हळूच म्हणाला, "बाटली कुणी मारली?"

"मी! दुसरं कोण मारणार? वर्डेल? तिच्याने तर कोंबडीची मान..."

तिचं तोंड तसंच उघडं राहिलं. मग ती खाली बसली. नळीतून हवेची फसफस ऐकू येत होती.

"आणि नाव?"

तिने माझ्याकडे पाहिलं. तिच्याकडे टोमणा नव्हता असं मी पहिल्यांदाच पाहत होते.

"तिचं दिलं," ती म्हणाली.

जज्जने मग मला धरलं. "तुम्ही शपथेवर खोटं बोललात, मिसेस मेब्री."

"हो."

"का?"

"जिने खरं बोलायचं ती बोलत नव्हती. आणि पोरगी थांबणार नव्हती."

त्याने चष्मा पुसला. "इथे पुसण्यासारखं काही नाही," तो म्हणाला. "जे या बाईंचं नाहीच, ते पुसायचं कसं? ज्याचं आहे त्याच्या नावावर टाका. आणि बाई, पुन्हा माझ्यासमोर हात वर करायचा असेल तर आधी घरून विचार करून या."

सरकारी वकिलाने तपासायला वेळ मागितला, तोंड वाकडं केलं. मिस हार्ग्रोव्ह माझ्याशी एक अवाक्षर न बोलता त्याच्यामागे लागली, आणि पोरीच्या तारखेआधी तिने जज्जच्या सहीचा हुकूम मिळवला. तो माझ्या हातात देतानाही ती बोलली नाही. तिचं बरोबर होतं.

सुनावणीच्या दिवशीच कोर्टाच्या पायऱ्यांवर मी लुव्हीनियाला गाठलं होतं. "तुमचे उपकार झाले," मी म्हणाले.

"तुझ्यासाठी नाही आले," ती म्हणाली. "नोटिशीत लिहिलं होतं की मला मारणारी आता सुधारली आहे. म्हटलं, बघून तरी येऊ. सुंभ जळला तरी पीळ तसाच आहे. बरं वाटलं." आणि काठी टेकत गेली.

इमारतीच्या मॅनेजरने ओझेलाला काही विचारलंसुद्धा नाही. इतक्या जुन्या भांडणाचं त्याला काही पडलेलं नव्हतं. तिने ज्याच्या भीतीने तोंड शिवून घेतलं होतं ते एवढंच होतं.

जनाया मंगळवारी आली, जेना म्हटल्यावर ओ देणारी. मी तिला जनायाच म्हणते. कधी लगेच बघते, कधी उशिराने.

मिस कॉफ्लिनने नियम समजावून सांगितला. ओझेलाच्या नावावर आता मारहाण आहे, म्हणून तिला पोरीला एकटीने भेटता येणार नाही. जबाबदार माणूस समोर बसलेला हवा.

"म्हणजे तू पहारा देणार?" ओझेला फोनवर म्हणाली. "माझ्याच पणतीला भेटायला?"

"येणार असशील तर ये. नाहीतर नको येऊस."

ती रविवारी चर्चनंतर येते. पोरगी तिच्या टाकीच्या गाड्याची चाकं फिरवत बसते. आम्ही दोघी एकमेकींशी बोलत नाही, बोलायचं ते पोरीकडे बघून बोलतो. काल ओझेलाने पोरीला मांडीवर घेतलं आणि बऱ्याच वेळाने माझ्याकडे मान वळवली.

"वर्डेल, जरा आत जा ना. मला तिला काहीतरी सांगायचंय."

"सांग," मी म्हणाले आणि खुर्ची जवळ ओढली.