चुकांचा तास

प्रत्येक महान कल्पना अखेर सगळ्या समाजाच्या मालकीची असते. प्रयोगशाळेच्या भिंतीवर हे वाक्य हातभर अक्षरांत रंगवलेलं होतं आणि त्याच्याच खाली गुडघे टेकून ती दुसऱ्या पंपाचे नट आवळत होती. तिचीही कल्पना समाजाकडे निघाली होती. वाटेत संचालकांकडे मुक्कामाला थांबली आणि तिथंच रमली.

"ताई, हा दुसरा पंप कशाला?" रेडिओनं विचारलं. रेडिओ खरेदी विभागात होता. त्याला सकाळी सांगितलेली गोष्ट जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळ्या मजल्यांवर पोचायची, म्हणून हे नाव.

"शोभेला," ती म्हणाली. "एकटा पंप बापुडवाणा दिसतो. पाहुणे मोठ्या कारखान्याचे आहेत."

"सरांना विचारलंत?"

"सर म्हणाले, भव्यता हवीच."

रेडिओनं मान डोलावली. तिनं पान्यानं नट आणखी एकदा आवळला. गरज नव्हती, पण बरं वाटलं.

पंपावर साबणाच्या वडीएवढी एक डबी चिकटवलेली होती. तिला सगळे 'कान' म्हणत. कान यंत्राचा आवाज ऐके आणि आतला कुठला भाग झिजत चाललाय ते आधीच सांगे. ही कल्पना तिची. चहाच्या मशिनपाशी रांगेत उभं असताना तिनं ती संचालकांना सांगितली होती. ते "अस्सं!" म्हणाले होते आणि बिनसाखरेचा चहा घेऊन निघून गेले होते. पुढं ते एका मोठ्या व्यासपीठावर दिसले. विषय होता 'नेतृत्व आणि उद्याचं विज्ञान'. पहाटे अंघोळ करताना अंगावर पाणी पडलं आणि पाण्याच्या आवाजातून आपल्याला 'कान' सुचला, असं त्यांनी सांगितलं. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

घरी आई टीव्हीसमोर बसली होती. "तुझे साहेब ना गं हे? काय हुशार माणूस! अशांच्या हाताखाली काम करायला नशीब लागतं. बघ, शिक काहीतरी."

तिनं आवाज कमी केला आणि शिकायला सुरुवात केली.

शिकता शिकता एका सुट्टीच्या दिवशी, इमारतीच्या तळघरातल्या पाण्याच्या पंपांवर डबी लावून पाहताना, तिला कानाचा दोष सापडला. पंप एकटा असेल तोवर कान तल्लख. शेजारी तसलाच दुसरा सुरू झाला, की कुणाचा आवाज कुणाचा हे त्याला कळेना. आजारी पंपाला धडधाकट ठरवी आणि धडधाकटाला मरणपंथाला लावी. प्रयोगशाळेत पंप एकच होता, म्हणून हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. ती सांगायला गेली होती, नाही असं नाही. केबिनच्या दारावर टकटक करायला हात उचललाही होता. आत संचालक फोनवर कुणाला तरी अंघोळीची गोष्ट सांगत होते. या वेळी पाणी गार होतं. तिनं हात खाली घेतला आणि जिना उतरली. त्या दिवसापासून तिला शांत झोप लागू लागली.

तिनं सूड घाई न करता वाढवला. पाहुणे येणार हे कळल्यावर फक्त दुसरा पंप मागवला. पहिल्यात झिजलेलं बेअरिंग मुद्दाम बसवलेलं होतं. कान ते ओळखणार, पाहुणे तोंडात बोट घालणार, असा संचालकांचा बेत होता. तिच्या बेतात एकाच बटणावर दोन्ही पंप सुरू होणार होते आणि अंघोळीचं पाणी चारचौघांत डोक्यावरून वाहणार होतं.

त्याआधी चुकांचा तास होता. ही संचालकांनीच पाडलेली प्रथा. दर आठवड्याला सगळ्यांनी गोल उभं राहायचं, ज्याला वाटेल त्यानं आपली चूक सांगायची, बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. सांगितलेल्या चुकीवर प्रश्न नाही, शिक्षा नाही, तो विषय पुन्हा काढायचा नाही. त्यामुळे लोक निवडक चुका आणत. आजही हिशेबनीस म्हणाला, "मी सुट्टीच्या दिवशीसुद्धा कामाचाच विचार करतो. ही माझी चूक." टाळ्या पडल्या.

मग संचालक पुढं आले. चष्मा काढून हातात धरला.

"कान माझा नाही," ते म्हणाले.

रेडिओचं तोंड उघडं राहिलं.

"मला तो यांनी सांगितला. चहाच्या मशिनपाशी. मी एकदा आपलाच म्हणून सांगितला, टाळ्या मिळाल्या, मग सांगतच गेलो. अंघोळीचं म्हणाल तर... मी पहाटे उठतसुद्धा नाही."

कुणी हसलं नाही. तिनं त्यांच्या चेहऱ्यावर लबाडी शोधली. डोळ्यांत, ओठांच्या कडेला, अगदी हातातल्या चष्म्यातसुद्धा. सापडली नाही. माणसाचे डोळे खरोखर ओले झाले होते. जरा कपटी निघाला असता तर सोयीचं झालं असतं.

"आजपासून कान यांचा. नाव यांचं, विभाग यांचा, निर्णय यांचे. आज पाहुण्यांसमोरही याच उभ्या राहतील. मी मागं थांबेन."

इतक्या टाळ्या त्या तासाला कधीच पडल्या नव्हत्या. हिशेबनीस तर रुमाल काढून डोळे पुसत होता. तिला हव्या असलेल्या सगळ्या गोष्टी एका दमात तिच्या हातात आल्या होत्या आणि त्यांच्याखाली तिनं स्वतः लावलेली वात जळत होती.

"बोला ना, ताई," रेडिओ कुजबुजला.

बोलायला याहून चांगली जागा जगात नव्हती. मीही एक चूक केलीय, एवढंच म्हणायचं. प्रश्न नाही, शिक्षा नाही, वर टाळ्या. पण मग मोठा कोण ठरणार? आधी बोलला तो. तिनं तोंड उघडलं.

"आभारी आहे, सर," ती म्हणाली.

टाळ्या संपायच्या आत ती पाना घेऊन प्रयोगशाळेकडे धावली. दारातच थबकली. पाहुणे वेळेआधी आले होते आणि त्यांतले थोरले दोन्ही पंपांभोवती फेरी मारत होते.

"वा! जोडी छान जमवलीय," ते म्हणाले.

मागून आलेल्या संचालकांनी तिला हळूच पुढं केलं. "या आमच्या कानाच्या जन्मदात्या. सुरू करून दाखवतील तुम्हाला."

तिनं बटणाकडे हात नेला. पाना दुसऱ्या हातात तसाच होता.

"राहू द्या हो," थोरले पाहुणे म्हणाले. "फार आवाज होतो. आणि आम्हाला अजून एका ठिकाणी जायचंय. सरांची गोष्ट आम्ही ऐकलीय, तेवढं पुरे. एक फोटो घेऊ फक्त."

सगळे ओळीनं उभे राहिले.

"पुढच्या महिन्यात आमच्याकडे बसवून द्या, बाई. जातीनं या."

"तुमच्याकडे पंप किती आहेत?" तिनं विचारलं.

"मोजलेत कुणी! एकाच दालनात आहेत सगळे. खेटून खेटून."

रेडिओनं फोन वर धरला आणि सगळ्यांना हसायला सांगितलं. फोटो चांगला आला.